इथेनॉलचे भाव कळवणाऱ्या सेवा: गोव्यातल्या खरेदीदाराने कशाचे पैसे मोजावेत

गोव्यात इथेनॉलला गिऱ्हाईक भरपूर आहे, मोठं उत्पादन मात्र नाही. वेर्णे, कुंडई, मडकईच्या वसाहतींतले औषध कारखाने ते सॉल्व्हंट म्हणून घेतात, मद्याचं बॉटलिंग करणारे ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, मद्यासाठी लागणारं शुद्ध स्पिरिट) घेतात आणि वास्को भागातल्या तेल टर्मिनलांवर पेट्रोलमध्ये मिसळायला निर्जल इथेनॉल उतरतं. धारबांदोड्याच्या संजीवनी सहकारी साखर कारखान्याचं गाळप 2019-20 च्या हंगामापासून बंद आहे. त्यामुळे माल येतो तो घाटावरून: कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि त्यापलीकडून. भाव तिथे ठरतो, पैसे इथे मोजले जातात, आणि या मधल्या अंतरातच खरेदीदार फसतो. भाव कळवणाऱ्या सेवांचं हे परीक्षण त्या अंतरावर बेतलेलं आहे.

सेवा साधारण तीन तऱ्हेच्या मिळतात. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर चार-पाच आकडे टाकणारे दलाल किंवा त्यांच्या आधाराने चालणारी दरपत्रकं. आठवड्याला एक पीडीएफ पाठवणारी व्यापारी पत्रकं. आणि जगभरातल्या इंधनांचे भाव देणाऱ्या परदेशी संस्था. कुणाचंही नाव इथे घेतलेलं नाही. ज्या कसोट्या खाली दिल्या आहेत त्या कुठल्याही सेवेला लावता येतात, आणि त्या लावल्या की नावाची गरजही फारशी उरत नाही.

परदेशी सेवांचं आधी उरकून टाकू. अमेरिकेचा भाव गॅलनला असतो, म्हणजे 3.785 लिटरला, ब्राझीलचा घनमीटरला. दोन्ही आकडे डौलदार दिसतात, पण भारतात इंधनात मिसळायला आयात इथेनॉल वापरता येत नाही. आयात होते ती औद्योगिक वापरासाठी. तुम्ही स्वतः बंदरावर माल उतरवून घेणारे मोठे रसायन उत्पादक नसाल, तर या वर्गणीचा गोव्यात उपयोग नाही.

आकडा कशाचा आहे, हे लिहिलंय का?

दरपत्रकात नुसतं "ईएनए 66.00" असं असेल तर त्या ओळीला किंमत नाही. हा भाव मळीच्या ईएनएचा की धान्याच्या? डिस्टिलरीच्या दारातला की पोचवून दिलेला? कर धरून की सोडून? रोखीचा की महिन्याच्या उधारीचा? कुठल्या तीव्रतेच्या मालाचा? चांगली सेवा प्रत्येक आकड्यापुढे या पाच गोष्टी छापते. बहुतेक व्हॉट्सॲप सेवा छापत नाहीत, आणि विचारलं तर "सगळ्यांना माहीतच असतं" असं उत्तर देतात.

तीव्रतेचा फरक किती पडतो, ते बघा. एका डिस्टिलरीचा भाव 66.00 रुपये बल्क लिटर (म्हणजे पाण्यासकट मालाचा लिटर), तीव्रता 96.2 टक्के. दुसरीचा 65.40, तीव्रता 94.8 टक्के. कागदावर दुसरी साठ पैशांनी स्वस्त. आता दोन्ही अल्कोहोल लिटरमध्ये, म्हणजे त्यातल्या निव्वळ अल्कोहोलच्या लिटरमध्ये आणा: 66.00 भागिले 0.962 म्हणजे 68.61, आणि 65.40 भागिले 0.948 म्हणजे 68.99. स्वस्त दिसणारा माल प्रत्यक्षात अडतीस पैशांनी महाग आहे. बॉटलिंगवाल्यांना हे लवकर कळतं, कारण त्यांचा अबकारी हिशेब प्रूफ लिटरमध्येच, म्हणजे ठरावीक प्रमाणित तीव्रतेच्या लिटरमध्येच चालतो. 96 टक्क्यांचा एक बल्क लिटर म्हणजे 1.68 प्रूफ लिटर. औषध कंपन्यांच्या खरेदी खात्यात मात्र अजूनही बल्क लिटरवरच तुलना चालते.

उधारीचंही तसंच. बाजारात पैशाचा दर वर्षाला 12 टक्के धरला, तर 66 रुपयांच्या मालावर महिन्याची उधारी म्हणजे लिटरमागे 66 पैसे. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव एकाच रकान्यात टाकणारं पत्रक तुम्हाला तेवढ्याच रकमेने चुकीचं सांगत असतं. भाव पन्नास पैशांनी हलल्याची बातमी ते देतं तेव्हा कदाचित फक्त पार्टी बदललेली असते.

करात दोन वेगळे रस्ते आहेत. औद्योगिक वापराच्या स्पिरिटला 18 टक्के जीएसटी लागतो, पण त्याचं क्रेडिट मिळत असेल तर तो खर्चात धरायचा नाही. मद्यासाठीचा ईएनए जीएसटीच्या बाहेर ठेवायचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये जीएसटी परिषदेने घेतला. तिथे राज्याचा विक्रीकर लागतो आणि तो परत मिळत नाही. इंधनात मिसळायच्या इथेनॉलला 5 टक्के. एकाच टाकीतून निघालेल्या मालाला वापराप्रमाणे तीन वेगवेगळे हिशेब लागतात, म्हणून "कर धरून" दिलेला एकच आकडा कुणाच्याच कामाचा नसतो. यात राज्यांची शुल्कं वेगळी. 23 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलवरही नियंत्रणाचा अधिकार राज्यांना असल्याचा निकाल दिला. त्यामुळे परवाना आणि पास शुल्कांवर लक्ष ठेवणं हे आता भावावर लक्ष ठेवण्याइतकंच गरजेचं झालं आहे. भावाच्या पत्रकात दोन्ही बाजूंच्या राज्यांतले शुल्कबदल येतात का, ते वर्गणी भरण्याआधी नक्की विचारा.

टँकरच्या तोंडाशी

भावाच्या सेवांनी सांगायला हवी आणि जवळजवळ कुणीच सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे लिटर कुठल्या तापमानाचा. अल्कोहोल उष्णतेने चांगलंच फुगतं. दर अंशाला सुमारे 0.11 टक्के. हिवाळ्यात पहाटे घाटावर 20 अंशांना 30,000 लिटर भरून निघालेला टँकर दुपारी वेर्ण्यात 32 अंशांवर उघडला, तर त्यात साधारण 390 लिटर जास्त दिसायला हवेत. गोदामातला माणूस काठी बुडवतो, 30,000 चं माप भरतं, "माल बरोबर" म्हणून सही करतो. प्रत्यक्षात 385-390 लिटर वाटेत गेलेले असतात आणि 66 रुपयांच्या भावाने ते पंचवीस हजारांहून जास्त होतात. लिटरमागे पंच्याऐंशी पैशांच्या आसपास. कुठलंही दरपत्रक वर्षभरात भावात एवढी बचत करून देईल याची खात्री नाही.

यावर उपाय साधा आहे. काट्यावरचं निव्वळ वजन आणि हायड्रोमीटर-थर्मामीटरचं रीडिंग दोन्ही टोकांना घ्यायचं आणि हिशेब 20 अंशांवर आणायचा. 96 टक्क्यांच्या ईएनएची घनता 20 अंशांना सुमारे 0.807 असते, म्हणजे 30,000 लिटरचं वजन साधारण 24,210 किलो. वजन तापमानाने बदलत नाही. सेवा देणाऱ्याला विचारा: तुमचा लिटर 20 अंशांचा की भरतानाच्या मापाचा? उत्तर लगेच आलं तर समोरचा माणूस या धंद्यातला आहे. उत्तरासाठी कुणाला तरी फोन करावा लागला तर तो आकडे दुसरीकडून उचलतो.

"इथेनॉल 40 पैशांनी वधारलं" म्हणजे काय?

बहुधा काहीच नाही. तेल कंपन्या ज्या भावाने इथेनॉल घेतात तो रोज हलत नाही. उसापासूनच्या इथेनॉलचे भाव केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवतं, धान्यापासूनचे तेल कंपन्या जाहीर करतात, आणि ते पुरवठा वर्षासाठी असतात. हे वर्ष 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर. 2024-25 साठी सी-हेवी मळीच्या (जवळजवळ सगळी साखर काढून घेतलेल्या) इथेनॉलचा भाव 57.97 (जानेवारी 2025 मध्ये 56.58 वरून वाढवलेला), बी-हेवीच्या (थोडी साखर राखलेल्या मळीच्या) 60.73, उसाच्या रस-पाकाच्या 65.61, भारतीय अन्न महामंडळाच्या तांदळाचा 58.50, खराब धान्याचा 64.00 आणि मक्याचा 71.86 रुपये लिटर होता. बी-हेवी आणि रसाचे भाव तर 2022-23 पासून तेच होते. जे पत्रक या भावांना रोजची चढउतार लावतं ते ईएनए किंवा आरएसचा (रेक्टिफाइड स्पिरिटचा) भाव "इथेनॉल" या नावाने खपवत असतं. असं पत्रक सरळ बंद करा.

हलतो तो खुल्या बाजारातला ईएनए, आरएस आणि डिनेचर्ड (पिण्याजोगं न ठेवलेल्या) स्पिरिटचा भाव. तो हलण्यामागे डिस्टिलरीच्या मालकासमोरचा एकच हिशेब असतो: हा माल निर्जल करून तेल कंपनीला द्यावा की ईएनए म्हणून बाहेर विकावा. म्हणून ठरलेल्या भावांचा उपयोग आहे, पण तळ म्हणून. आणि हा तळ ज्यांच्या हातात तेल कंपन्यांचा कोटा आहे त्यांच्यापुरताच असतो. 2025-26 साठी कंपन्यांनी 1,050 कोटी लिटर मागवले, देऊ केले गेले सुमारे 1,776 कोटी लिटर आणि पहिल्या फेरीत वाटप झालं सुमारे 1,048 कोटींचं. त्यात उसाचा वाटा जेमतेम 289 कोटी, बाकी सगळं धान्याचं, त्यातही मका पुढे. म्हणजे सातशे कोटींहून जास्त लिटरच्या देकाराला गिऱ्हाईक मिळालं नाही. त्यातले काही देकार नुसते कागदावरचे असतील असं धरलं तरी उसाच्या पट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांकडे क्षमता रिकामी राहणार, हे त्या एका वाटपातून दिसत होतं. आणि आपला माल त्याच पट्ट्यातून येतो. त्या आठवड्यात हे ठळक छापणारी सेवा वर्षभराची वर्गणी वसूल करून देते. तिने उरलेले एक्कावन्न आठवडे बरे-वाईट काढले तरी चालतील.

जे फुकट मिळतं त्याचे पैसे देऊ नका

वाटप आणि भावांचे निर्णय पत्र सूचना कार्यालयाच्या निवेदनांत येतात. मिश्रणाचं प्रमाण आणि पुरवठा पेट्रोलियम खात्याच्या पीपीएसी या नियोजन आणि विश्लेषण कक्षाच्या मासिक अहवालात मिळतो. थोडा उशिरा येतो, पण विश्वासाचा आहे. मक्याचे बाजार समितीतले भाव ॲगमार्कनेटवर रोज दिसतात. महाराष्ट्राच्या साखर आयुक्तालयाचा गाळप अहवाल हंगामात नियमित निघतो, आणि आमच्या मते या सगळ्यांत तोच सगळ्यात कमी वाचला जातो. त्यात ऊस किती गाळला आणि साखर किती निघाली हे असतं. गाळप गेल्या वर्षाइतकंच आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) मात्र खाली, असं दिसलं तर दोन शक्यता: उसातच साखर कमी आहे, किंवा साखर बी-हेवीकडे आणि रसाकडे वळवली गेली. दुसरं असेल तर सी-हेवी मळी कमी पडणार आणि मळीचा ईएनए उन्हाळ्यानंतर तंग होणार.

धान्याच्या बाजूचा अंदाज हातावर करता येतो. एक टन मक्यातून साधारण 380 लिटर निघतात. म्हणजे मका क्विंटलला 100 रुपयांनी वाढला की लिटरमागे खर्च 2.63 रुपयांनी चढतो. तांदळाचे साधारण 450 लिटर धरा. तिथे 100 रुपयांना 2.22. सोबत टनामागे 300 किलोच्या आसपास डीडीजीएस, म्हणजे जनावरांच्या खाद्यात जाणारा चोथा निघतो. त्याचा भाव किलोला रुपयाने पडला की मक्याच्या इथेनॉलचा खर्च लिटरमागे 79 पैशांनी वाढल्यासारखाच. आता हे गणित लावून पाहा: महामंडळाचा तांदूळ 2,800 रुपये क्विंटल होता तेव्हा नुसता कच्चा माल 62 रुपयांना पडत होता आणि विक्रीचा भाव 58.50. कुणी हात लावला नाही यात नवल नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये तो 2,250 वर आणल्यावर तोच खर्च 50 रुपयांवर आला. जे पत्रक त्या कपातीची बातमी देऊन थांबलं त्याने अर्धंच काम केलं. धान्याच्या ईएनएचा पुरवठा वाढणार, हे त्याने पुढे सांगायला हवं होतं.

सरकारी निर्णयाने बाजार किती झटकन उलटतो, याचं उदाहरण 2023 चं. जुलैत महामंडळाने डिस्टिलऱ्यांना तांदूळ देणं थांबवलं, 7 डिसेंबरला उसाचा रस आणि पाक वापरायला बंदी आली, आठवड्याभरात ती 17 लाख टन साखरेच्या मर्यादेसह सैल झाली आणि पूर्ण उठली ती ऑगस्ट 2024 च्या शेवटी. अशा वेळी व्हॉट्सॲप सेवा खरोखर कामाच्या असतात. बातमी अर्ध्या तासात येते, आणि ज्याला आठवड्याचं पीडीएफ मिळणार असतं तो चार दिवस मागे राहतो. रोजच्या सेवेचा हा एकच मोठा गुण, पण त्याला तोड नाही.

गोव्याचं म्हणून वेगळं

इथली मागणी दोन तऱ्हेची. औषध कंपन्यांची खरेदी बारमाही, सपाट. बॉटलिंगवाल्यांची पर्यटन हंगामाच्या आधी फुगते. डिसेंबरसाठीचा माल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकीत यायला हवा. नेमकं त्याच वेळी घाटावर गाळप सुरू व्हायचं असतं आणि जुनी मळी संपत आलेली असते. म्हणजे आपण सगळ्यात जास्त मागतो तेव्हा पुरवठा सगळ्यात बारीक. राष्ट्रीय पातळीवरच्या पत्रकात हे दिसतच नाही, कारण देशाच्या आकड्यात गोवा नगण्य. डिस्टिलरी-दाराचा भाव पुणे किंवा उत्तर प्रदेशचा देऊन "पश्चिम भारत" असं लेबल लावणारी सेवा इथे चालणार नाही. कोल्हापूर-सांगली आणि बेळगाव हे दोन रकाने वेगळे हवेतच. काजूच्या फेणीशी या बाजाराचा काही संबंध नाही; तिचा हंगाम, भट्ट्या आणि भाव सगळं निराळं. तरी काही पत्रकं गोव्याच्या "मद्य मागणीत" दोन्ही एकत्र मोजतात.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. कोल्हापूरकडचा माल आंबोलीने किंवा फोंडाघाटाने उतरतो, बेळगावकडचा चोर्ल्याने किंवा अनमोडने. पावसाळ्यात दरड कोसळली किंवा रस्ता खचला की जड वाहनांना बंदी येते, टँकर लांबच्या घाटाने फिरतात, भाडं आणि दिवस दोन्ही वाढतात. समजा 30,000 लिटरच्या टँकरचं भाडं 36,000 रुपयांवरून 45,000 झालं, लिटरमागे 1.20 चं 1.50. डिस्टिलरीचा भाव स्थिर, तुमचा तीस पैशांनी वर. शिवाय परराज्यातून माल आणायच्या आयात परवान्याची मुदत वाटेतच संपायची भीती, मग मोले किंवा केरीच्या नाक्यावर टँकर अडकतो. भाड्याचा वेगळा रकाना देणारी सेवा दुर्मीळ आहे. मिळाली तर तिला दोन गुण जास्त द्या.

पैसे द्यायच्या आधीची परीक्षा

मागच्या तेरा आठवड्यांचे आकडे मागा. नमुन्याचा एखादा अंक पुरत नाही. तुमची त्याच काळातली बिलं काढा. प्रत्येकातून भाडं आणि कर वजा करा, उधारीचं व्याज काढा, भाव अल्कोहोल लिटरमध्ये आणा. मग सेवेच्या आकड्याशी फरक मांडा. फरक दर आठवड्याला सव्वा-दीड रुपयाच्या आसपास स्थिर असेल तर घाबरू नका; तो पद्धतीतला फरक आहे, एकदा वजा केला की झालं. फरक एका आठवड्यात 40 पैसे, दुसऱ्यात दोन रुपये, तिसऱ्यात उणे असा भटकत असेल तर ती सेवा घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

तेच आकडे आणखी एका नजरेने बघा. सलग दहा दिवस भाव पैशालाही हललेला नाही, असं दिसलं तर सौदेच झाले नाहीत किंवा कुणी फोन केला नाही. प्रामाणिक पत्रक तिथे "सौदा नाही" लिहितं, आणि विकणाऱ्याची मागणी, घेणाऱ्याचा देकार व झालेला सौदा हे तीन आकडे वेगळे ठेवतं. दलालाच्या पत्रकात विक्रीची मागणीच भाव म्हणून येते. त्याची दलाली त्यावर असते, तेव्हा त्याला दोष देण्यापेक्षा ते लक्षात ठेवून वाचावं.

वर्गणी परवडते का, हा हिशेब टँकरवर करा. 30,000 लिटरच्या टँकरवर 25 पैसे वाचले तर 7,500 रुपये. वर्षाची वर्गणी 60,000 असेल तर आठ टँकरांत ती निघाली पाहिजे. महिन्याला दोन-तीन टँकर घेणाऱ्या बॉटलिंगवाल्याने आठवड्याचं चांगलं पीडीएफ घ्यावं आणि धोरणाच्या बातमीपुरती एक स्वस्त व्हॉट्सॲप सेवा जोडावी. महिन्याला एखादा टँकर घेणाऱ्या औषध कंपनीने फुकटच्या चार स्रोतांवर आणि काट्याच्या वजनावर मेहनत घ्यावी, तिचा फायदा तिथे जास्त आहे. सॅनिटायझर, अत्तर, प्रयोगशाळा यांच्यासाठी 200 लिटरच्या पिंपाने घेणाऱ्याला यातलं काहीच नको. त्याच्या भावात पिंप, हाताळणी आणि विक्रेत्याचा नफाच मोठा असतो.

घ्यायचीच ठरली तर वर्गणी ऑगस्टमध्ये सुरू करा. तेल कंपन्यांची निविदा आणि वाटप पुरवठा वर्ष सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होतं, मळी तेव्हाच तळाला गेलेली असते आणि गोव्यातल्या टाक्या तेव्हाच भरायच्या असतात. जानेवारीत सवलतीत मिळणारी वर्गणी घेतली तर तिचे पहिले सहा-सात महिने मऊ बाजाराचे आकडे वाचण्यात जातात.